दसऱ्याला पुजलेल्या बंदुका

‘‘मास्क कधी काढायचा?’’ मी विचारलं.

‘‘फोटो काढताना,’’ मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. मीही हसलो. ट्रेनरने अधूनमधून हसावं, म्हणजे लोक लक्ष देऊन ऐकतात, असं मला एका कोर्समध्ये शिकवलं होतं. ते साफ खोटं आहे. लोक फक्त हसतात.

दसऱ्याची सकाळ होती. नागावला आमच्या वाडीत, नारळी-पोफळींच्या सावलीत दहा-बारा माणसं माझ्यासमोर उभी होती आणि मी त्यांना एकमेकांवर गोळ्या कशा झाडाव्यात ते शिकवत होतो. साठी ओलांडलेला, ब्लड प्रेशरची गोळी घेणारा, पोटावर शिट्टी लोंबणारा माणूस हे काम का करत होता, ते आधी सांगतो.

मी सेफ्टी ऑफिसर. रिटायर. उरणकडे तेलाच्या टाक्यांच्या एका यार्डात माझी सगळी नोकरी झाली. सेफ्टी ऑफिसरचं काम म्हणजे काही होऊ नये म्हणून पगार घ्यायचा. काही झालं नाही तर लोक विचारतात, हा माणूस दिवसभर करतो काय? काही झालं तर विचारतात, हा माणूस करत काय होता? दोन्ही प्रश्नांची सवय होते.

रिटायर झाल्यावर मात्र माझे हाल झाले. तपासायला काही उरलं नाही. मग मी घर तपासायला घेतलं. स्वयंपाकघरात सिलिंडरशेजारी ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी लावली. आमच्या घरात कुणी विडीसुद्धा ओढत नाही. जिन्याला पिवळे पट्टे मारले. बायको उकळतं दूध उतरवायला लागली की मी ‘हातमोजे’ म्हणून ओरडायचो. शेवटी तिने एक दिवस माझ्यासमोरच माझ्या भाच्याला फोन लावला आणि म्हणाली, ‘‘निलेश, तुझ्या मामाला कुठे तरी कामाला लाव. नाही तर इथे अपघात होईल आणि तो मी करीन.’’

निलेश माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. वाडीत त्याचा होमस्टे आहे. किनाऱ्यावर बनाना राइड आणि पॅरासेलिंगवाल्यांची इतकी गर्दी झाली होती, की काही तरी वेगळं हवं म्हणून त्याने वाडीच्या मागच्या बाजूला एअरसॉफ्टचं ग्राउंड काढलं. त्याने मला ‘गेम मार्शल’ म्हणून घेतलं. म्हणजे खेळ चालू असताना शिट्टी घेऊन मैदानात फिरणारा, नियम सांगणारा आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारा माणूस. ज्याला मी लहानपणी शेंबूड पुसायला शिकवलं तो माझा बॉस झाला.

एअरसॉफ्ट म्हणजे काय, तर दिसायला हुबेहूब खरी पण बॅटरीवर चालणारी बंदूक. तिच्यातून ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची गोळी सुटते. दोन टीम, मध्ये झाडं, जांभ्या दगडाचे बांध, रिकामे ड्रम. गोळी लागली की चिमटा काढल्यासारखं होतं, कपड्यावर तर तेवढंही नाही. पण डोळ्यात गेली तर डोळा जातो. या खेळातले सगळे नियम या एका वाक्यातून निघालेले आहेत.

म्हणून मैदानात पाय ठेवल्यापासून बाहेर येईपर्यंत मास्क काढायचा नाही. घाम आला, काच धुरकटली, नाकाला खाज सुटली, तरी नाही. अगदीच सहन होत नसेल तर हात वर करून बाहेर यायचं. खूप जवळ आलेल्या माणसावर गोळी मारायची नाही, नुसतं ‘बँग’ म्हणायचं, त्याने मेलो म्हणायचं. गोळी लागली की ज्याला लागली त्याने स्वतःच ‘हिट’ ओरडून लाल फडकं डोक्यावर धरून बाहेर पडायचं. रंगबिंग काही लागत नाही, त्यामुळे दुसऱ्याला कळायचा प्रश्नच नाही. सगळा खेळ माणसाच्या खरेपणावर चालतो. हे वाक्य मी म्हटलं की पाहुणे एकमेकांकडे बघून हसतात.

मैदानाबाहेर सेफ झोन. म्हणजे शेड, बाकं, चहा. तिथे मास्क काढायला परवानगी. पण तिथे भरलेली बंदूक येता कामा नये. म्हणून फाटकाशी मी वाळूचा ड्रम ठेवला होता. बाहेर पडताना मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, काढायचा. नळी वाळूत रोखून दोन-तीनदा ट्रिगर दाबायचा, म्हणजे आत अडकून राहिलेली एखादी गोळी निघून जाते. याला बंदूक क्लिअर करणं म्हणतात. मग लॉक, आणि मग नळीच्या तोंडावर कापडी कव्हर. इलॅस्टिकची छोटी पिशवी असते, चुकून गोळी सुटलीच तर पिशवीत अडकते.

शिवाय रोज सकाळी प्रत्येक बंदुकीची स्पीड टेस्ट. गोळी ठरलेल्या वेगापेक्षा जोरात जात नाही ना, ते एका छोट्या यंत्रावर बघायचं. ही टेस्ट मी इतक्या भक्तिभावाने करायचो की निलेश म्हणायचा, ‘‘मामा, बंदूक आहे, बाळ नाही. वजन-उंची घेतल्यासारखं काय करता?’’

दसऱ्यालाही मी टेस्ट केली. सगळ्या बंदुका पास.

पाहुणे आले ते उरणजवळच्या एका गावातले. ट्रान्सपोर्टचा धंदा, घरचे ट्रेलर पोर्टात चालतात. घरातले कर्ते जगदीशभाऊ, त्यांचे भाऊ, वहिन्या, एक नवे जावई आणि सगळ्यांत धाकटी बहीण वैभवी. सगळ्यांनी बूट बदलले, मास्क घेतले. वैभवी बाकावर बसून राहिली.

‘‘तू नाही खेळणार?’’ मी विचारलं.

‘‘मना नाय खेलायचं, काका. सोमवारी मेडिकल हाय.’’

जगदीशभाऊंनी खुलासा केला. वैभवी पोर्टात क्रेन ऑपरेटरच्या जागेसाठी निवडली गेली होती. लेखी झालं, सिम्युलेटरवरची टेस्ट झाली. राहिली होती मेडिकल, आणि त्यात मुख्य डोळे. कारण त्या क्रेनची केबिन झाडाच्या दुप्पट-तिप्पट उंच असते. तिथे बसून खाली वाकून बघायचं आणि कंटेनरच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांत चार कड्या बरोब्बर बसवायच्या. खाली माणसं उभी असतात. मागच्या वेळी तिचा नंबर थोडक्यात हुकला होता. या वेळी तिने महिनाभर मोबाइलसुद्धा कमी केला होता, डोळ्यांना ताण नको म्हणून.

‘‘डोल्याला काय व्हनार नाय ना?’’ तिने मला सरळ विचारलं.

इथे शहाण्या माणसाने म्हणायला हवं होतं, ‘बस बाई बाकावर, चहा पी.’ पण माझ्यातला सेफ्टी ऑफिसर चेकाळला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून मला सुरक्षेबद्दल प्रश्न विचारला होता. मी तिला मास्क दाखवला. काचेवर स्वतःच्या हाताने जवळून गोळी मारून दाखवली, ओरखडासुद्धा नाही. वाळूचा ड्रम दाखवला. कव्हरं दाखवली. टाक्यांच्या यार्डातले दोन किस्सेही सांगितले, त्यातला एक थोडा वाढवून.

‘‘माझ्या ग्राउंडवर डोळ्याला काही झालं तर मी शिट्टी गिळीन,’’ मी म्हणालो.

ती हसली आणि उठली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी बंदुका वाटायला रॅककडे वळलो, तर जगदीशभाऊंनी मला थांबवलं.

‘‘काका, पूजा झाली का नाय?’’

‘‘कशाची?’’

‘‘हत्याराची! आज दसरा हाय ना? आमी सकाली सगल्या ट्रेलरांना हार घालून आलोय. पूजा केल्याशिवाय चावीला पन हात लावत नाय. आनि तुमी बंदुका अशाच देताव?’’

बाकीच्यांनी मान डोलावली. जावईसुद्धा बंदुकीकडे जरा बिचकून बघायला लागले. मला त्यात गैर काही वाटलं नाही. आमच्या यार्डातही खंडेनवमीला पंपांना, फायर इंजिनाला हार पडायचे. मोठे साहेबसुद्धा बूट काढून उभे राहायचे. मी निलेशकडे बघितलं. निलेश आधीच मोबाइलचा कॅमेरा पुसत होता.

‘‘मामा, भारी रील होईल. आईला बोलवा.’’

ताई ताट घेऊन आली. हळद, कुंकू, झेंडू, आपट्याची पानं, नारळ, आणि वाटीत अक्षता. ताईच्या अक्षता म्हणजे कोरडे तांदूळ नव्हेत. कुंकवाच्या पाण्यात छान ओलसर केलेल्या, हाताला लागल्या की संध्याकाळपर्यंत बोटं लाल.

निलेशने बंदुका बाकावर आडव्या मांडायला घेतल्या. मी ओरडलो, ‘‘थांब! नळ्या माणसांकडे येतायत.’’ बंदूक भरलेली असो की रिकामी, नळीचं तोंड कधीही माणसाकडे नको, हा पहिला धडा. मी स्वतः सगळ्या बंदुका रॅकवर उभ्या केल्या. दस्ता खाली, नळी वर, तोंडं आकाशाकडे. एका ओळीत, समान अंतरावर. बघून मला भरून आलं.

ताई पुढे आली आणि थबकली.

‘‘बाळ्या, हे तोंडाला काय बांधलंयस?’’

‘‘कव्हर आहे ताई. सेफ्टीसाठी.’’

‘‘देवाच्या तोंडाला फडकं बांधून पूजा करतात का रे? काढ ते.’’

यार्डात मी जनरल मॅनेजरला हेल्मेट नाही म्हणून गेटवरून परत पाठवलं होतं. ताईपुढे माझं काही चालत नाही. मी निमूटपणे सगळी कव्हरं काढून तिच्या फुलांच्या परडीत टाकली. हळदकुंकू झालं, हार झाले, नारळ फुटला. मग ताई म्हणाली, ‘‘इथे पुरुषांत मोठा तूच. अक्षता तू टाक.’’

मी मूठ भरून घेतली. आमच्या घरात लग्नात अक्षता टाकण्याबद्दल माझी ख्याती आहे. लोक चार दाणे कुठे तरी फेकतात, मी नेम धरून वरून शिंपडतो. त्या दिवशीही ओळीने सगळ्या बंदुकांवर वरून, मनापासून शिंपडल्या. निलेशने व्हिडिओ काढला. तो व्हिडिओ मी नंतर पाहिला आहे. त्यात मी इतका प्रसन्न दिसतो की स्वतःलाच एक लगावून द्यावीशी वाटते.

कारण यार्डात मी जन्मभर एक गोष्ट घोकून घेतली होती. यंत्रात काहीही बदल झाला, एक नट जरी बदलला, तरी पुन्हा टेस्ट केल्याशिवाय ते सुरू करायचं नाही. पूजा हा बदल असतो, हे मला सुचलं नाही. पूजेने यंत्र फार तर सुधारतं, अशीच आपली समजूत.

पहिला राउंड सुरू झाला. तसा तो खेळ म्हणायचा तर कठीणच होता. जावईबापूंवर कुणी गोळी झाडेना. ते मैदानाच्या मधोमध उभे, आणि समोरचे तिघे सासरचे लोक त्यांच्या आजूबाजूच्या झाडांवर गोळ्या मारताहेत. जगदीशभाऊंना पाठीवर तीन गोळ्या लागलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या.

‘‘भाऊ, हिट!’’

‘‘मना नाय लागली. झाडाला लागली.’’

‘‘झाड तुमच्या मागे आहे, गोळी मागून आली.’’

‘‘मंग झाडातून आली.’’

त्या गडबडीत एक वहिनी माझ्याकडे आली आणि पांढऱ्या टी-शर्टवरचा लाल ठिपका दाखवून म्हणाली, ‘‘काका, यात रंग पन असतो काय? तुमी तर नाय बोललाव.’’ मी तिला समजावलं, की पूजेच्या वेळी कुणाचा तरी कुंकवाचा हात लागला असेल. मग दुसऱ्या एकाच्या बाहीवर तसाच ठिपका दिसला. मला वाटलं, या घरात कुंकवाचे हात फारच लागतात.

वैभवी मात्र छान खेळत होती. घाई नाही, आरडाओरडा नाही. दगडी बांधाआड बसून शांतपणे नेम धरायची. काही वेळाने तिने हात वर केला आणि फाटकाशी आली.

‘‘काका, आवाज येतो पन गोली येत नाय.’’

‘‘काही हरकत नाही. क्लिअर करू.’’

मी मॅगझिन काढलं. नळी ड्रमात रोखली. ट्रिगर दाबला. मोटर घुर्रर्र वाजली, वाळू हलली नाही. पुन्हा दाबला. काही नाही. तिसऱ्यांदा. काही नाही. मी लॉक केलं आणि अंगठा वर केला. ‘‘क्लिअर!’’

कव्हर घालायला परडी शोधली. ती ताईबरोबर घरात गेली होती. म्हटलं, रिकाम्या बंदुकीला कसलं कव्हर.

राउंड संपला, बाकीचेही बाहेर आले. शेडमध्ये वैभवीने मास्कला हात लावला आणि थांबली.

‘‘काढू ना काका?’’

‘‘काढ. इथे सेफ आहे.’’

माझ्या तोंडातून निघालेलं हे वाक्य मला अजून झोपेतून उठवतं.

तिने मास्क काढला. तिला यंत्रांचं वेड होतं, ते एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. मोटर फिरते तर गोळी का नाही येत, ते तिला बघायचं होतं. म्हणून मी बंदूक हातात घेतली, नळी रिकाम्या बाजूला धरली आणि मास्तरकी सुरू केली. आत पिस्टन असतो, तो हवा ढकलतो, हवा गोळीला ढकलते. ‘‘आता ऐक, आवाज नीट येतोय का,’’ म्हणून मी लॉक काढलं, बंदुकीच्या कुशीत दोन थपडा मारल्या, जुन्या रेडिओला मारायचो तशा. बंदुकीकडेच बघत होतो. चष्मा कपाळावर. वैभवी नीट दिसावं म्हणून माझ्या उजवीकडून पुढे आली, हे मला दिसलंच नाही.

मी ट्रिगर दाबला.

‘टप्प’ असा लहानसा आवाज आला आणि वैभवी दोन्ही हातांनी डोळा धरून खाली बसली. तिच्या बोटांतून लाल ओघळ आला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. वहिन्यांची किंकाळी. जगदीशभाऊंचा ‘‘बाय! ए बाय!’’ असा फाटलेला आवाज. निलेशचा पांढराफटक चेहरा. टाक्यांच्या यार्डात मी आगीचे, गळतीचे, बेशुद्ध माणसाचे शेकड्याने ड्रिल घेतलेत. अशा वेळी सेफ्टी ऑफिसरने काय करायचं ते मला झोपेतही म्हणता येतं. मी नुसता उभा राहिलो. डोक्यात एकच शब्द होता, सोमवार.

वैभवीनेच हात काढला. ‘‘पानी,’’ ती म्हणाली. ‘‘झोंबतंय.’’

त्या शब्दाने मी जागा झालो. जखम दुखते, झोंबत नाही. मी पुढे झालो आणि तिच्या गालावर चिकटलेला लाल कण बोटावर घेतला. तो तांदळाचा दाणा होता.

गोळी भुवईच्या हाडाला लागून गेली होती, तिथे टेंगूळ येत होतं. डोळ्यात गेलं होतं ते ताईचं कुंकू आणि माझ्या अक्षता. बाटल्यांमागून बाटल्या पाणी ओतून आम्ही डोळा धुतला. चोळू दिला नाही. एवढं तरी मला आठवलं. डोळा उघडल्यावर आत लालभडक दिसत होतं. कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं, काही कळत नव्हतं.

निलेशने गाडी काढली. अलिबागपर्यंत जगदीशभाऊ बहिणीच्या डोळ्यावर ओला रुमाल धरून बसले होते. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दसऱ्याचा दिवस. डोळ्यांचा दवाखाना बंद. डॉक्टरबाई वरच्याच मजल्यावर राहतात म्हणून बेल वाजवली. त्या जेवणाच्या पानावरून उठून खाली आल्या, बोटाला श्रीखंड लागलेलं होतं. हात धुतले, वैभवीला खुर्चीत बसवलं.

‘‘डोळ्यात काय गेलंय?’’

‘‘अक्षता,’’ मी म्हणालो.

‘‘लग्नात?’’

‘‘नाही. बंदुकीतून.’’

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा निलेशकडे.

‘‘कुणी मारली?’’

‘‘मी.’’

‘‘तुम्ही यांचे कोण?’’

‘‘मी तिथला सेफ्टी ऑफिसर.’’

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. दिवा लावला आणि कामाला लागल्या. डोळ्यात पिवळं औषध घालून निळ्या उजेडात बघितलं. बुबुळावर जी काच असते तिला ओरखडा असेल तर तो त्या उजेडात हिरवा चमकतो म्हणे. मी कोपऱ्यात उभा राहून जेवढे देव आठवले तेवढ्यांना हाक मारली. तिचा डोळा राहू दे, एवढंच मागितलं. नोकरीचं मागायची माझी छाती झाली नाही.

‘‘काच साफ आहे,’’ शेवटी त्या म्हणाल्या. ‘‘पांढऱ्या भागावर एक बारीक ओरखडा आहे. भरून येईल. कुंकवाने डोळा चिडलाय, लाली काही दिवस राहील.’’

‘‘सोमवारपर्यंत जाईल?’’ वैभवीने विचारलं.

‘‘नजर ठीक राहील. लालीचं सांगता येत नाही.’’

आम्ही वाडीत परतलो तेव्हा ताई पायरीवर बसून होती. तिला वाटत होतं, पूजेत काही तरी कमी राहिलं. मी तिला म्हटलं, ‘‘कमी नाही ग, जास्त झालं.’’

संध्याकाळी मी एकेक बंदूक उघडली. बहुतेक नळ्यांतले तांदूळ पहिल्याच गोळ्यांबरोबर उडून लोकांच्या शर्टांवर गेले होते. वैभवीच्या बंदुकीत मात्र तीन-चार दाणे ओले होऊन एकमेकांना चिकटले होते आणि त्यांच्या मागे गोळी अडकली होती. वाळूच्या ड्रमात मी ट्रिगर दाबला तेव्हा ती हलली नाही. माझ्या थपडांनी बूच सैल झालं. मग सगळं सुटलं.

आमच्या धंद्यात म्हणतात, अपघाताला एक चूक पुरत नाही, चुकांची रांग लागावी लागते. मी मोजायला बसलो. टेस्ट पूजेच्या आधी केली, मी. नळ्या वर उभ्या केल्या, मी. कव्हरं काढली, मी. अक्षता टाकल्या, मी. ठिपके बघून उडवून लावले, मी. सेफ झोनमध्ये ट्रिगर दाबला, मी. एवढी लांब रांग, आणि सगळी एकाच माणसाची. लोका सांगे ब्रह्मज्ञान! यार्डात असा कामगार सापडला असता तर मी त्याला गेटबाहेर काढून, वर त्याच्यावर पोस्टर छापलं असतं.

मी शिट्टी निलेशच्या हातात दिली.

‘‘हे काय?’’

‘‘मी सोडतो. दुसरा माणूस बघ.’’

‘‘मामा, दुसरा माणूस ही चूक पुन्हा करील. तुम्ही करणार नाही.’’ त्याने शिट्टी परत माझ्या गळ्यात घातली. ‘‘आणि मामीने तुम्हाला घरात घेतलं पाहिजे ना.’’

रविवारी वैभवीचा फोन आला. दुखत नव्हतं, स्पष्ट दिसत होतं, पण कोपऱ्यात लाली होती.

‘‘काका, उद्या विचारलं तर काय सांगू? घरातले बोलतात, डोले आले होते म्हनून सांग.’’

बारीकसारीक अपघातही लपवू नका, हे भाषण मी नोकरीत इतक्यांदा केलंय की माझ्या निरोप समारंभात पोरांनी त्याची नक्कल केली होती. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं ते हेच की, सांग बाई, डोळे आले होते म्हणून सांग आणि मोकळी हो. मला वाचव. तोंड उघडलं होतं. पण खाली माणसं उभी असतात, हे जगदीशभाऊंचं सांगणं आठवलं.

‘‘खरं सांग,’’ मी म्हणालो. ‘‘डॉक्टरबाईंचा कागदही ने. आणि माझा नंबर दे त्यांना. मी येऊन सांगतो.’’

‘‘नको, तुमी नका येव,’’ ती घाईघाईने म्हणाली.

सोमवारी मी जेवणाचं ताट बाजूला सारलं. बायको म्हणाली, ‘‘मेडिकल तिची आहे ना? मग तुम्ही का उपाशी?’’ मी फोन समोर ठेवून बसलो. खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. एका पोरीची महिनोन्महिन्यांची मेहनत माझ्या एका मुठीने घालवली असती, आणि मी म्हातारा त्याचं काय करणार होतो?

दुपारनंतर फोन वाजला.

‘‘काका, फिट!’’

‘‘डोळ्याचं... विचारलं नाही?’’

‘‘विचारलं ना. मी सगलं सांगितलं. पूजा, तांदूल, सगलं. डॉक्टरांनी तीनदा वाचायला लावलं, उजेड मारून बघितलं. नजर एकदम बरोबर हाय बोलले. मंग बोलले, मारली कोनी? मी बोलले, सेफ्टी ऑफिसरनी.’’

‘‘मग?’’

‘‘पेन खाली ठेवला. बोलले, आपल्या पोर्टात हायेत का ते? मी बोलले, नाय, रिटायर झाले. मंग बोलले, बरं झालं. आनि सही केली.’’

ती खळखळून हसत होती. मागे जगदीशभाऊ हसत होते. मीही हसायला गेलो आणि मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. बायको धावत आली. ‘‘काय झालं? नापास झाली?’’

‘‘पास झाली.’’

‘‘मग रडता कशाला?’’



आता आमच्याकडे पूजा आधी होते आणि टेस्ट नंतर. अक्षता ताईच टाकते, दस्त्यावर, चार दाणे. क्लिअर करताना काहीच निघालं नाही, तर मी ती बंदूक रिकामी समजत नाही, बिघडलेली समजतो आणि उघडल्याशिवाय शेडमध्ये आणू देत नाही. काही निघालं नाही याचा अर्थ एवढाच की काही निघालं नाही. हे कळायला मला एक अख्खी नोकरी आणि एक दसरा लागला.